तिसरा बार

म्या माह्या सख्ख्या भावाचं मनगट वल्ह्यानं मोडलं. कडाक असा आवाज आला आन मला बरं वाटलं. खोटं कामून बोलू? बाया इचारतात, झुंबरबाई, भावावर हात उचलताना काळीज कापलं न्हाई का गं? बिलकुल न्हाई कापलं. त्याच्या पायापाशी मरळींचा ढीग पडला व्हता. पोटं फुटलेल्या, डोळे बाहेर आलेल्या. त्यातली एकबी जाळ्यानं धरलेली नव्हती. विहिरीच्या खडकात भरायचा सुरुंग त्या मुडद्यानं आमच्या डोहात टाकला व्हता.

ही गोष्ट चैतातली, बहात्तरच्या दुष्काळाला दोन वरसं झाल्यावरची. पर डोह काय व्हता हे कळल्याबिगर माहा राग तुमाला कळायचा न्हाई, म्हनून आधी ते ऐका.

आमी गोदावरीला गंगाच म्हनतो. वडीगोद्रीच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठी आमचा भोईवाडा, अकरा घरांचा. मासे धरायचे, वडीगोद्रीच्या बाजारात आन सडकेवरच्या हॉटेलांत इकायचे, ह्याच्याबिगर आमाला दुसरं काही येत न्हाई. दुष्काळात गंगा अशी आटली की पात्रातून बैलगाड्या जाऊ लागल्या, धुरळा उडू लागला. पानी राह्यलं ते एकट्या कपारीच्या डोहात. एका अंगाला उंच काळा खडक, त्याच्या बुडाशी कंबरभर पानी, आन त्या पान्यात सगळ्या गंगेतून जीव वाचवून आलेले मासे. मरळ, वाम, शिंगाडा, एकाच्या अंगावर एक. हात घातला की हाताला लागायचे. घरात लेकरं उपाशी आन दारात असं ताट वाढलेलं.

त्या टायमाला माहा नवरा पुंजाराम बोलला. नाव एकदाच घेते, पुढं माह्या लेकीचा, बेबीनंदाचा बापच म्हनीन. तो बोलायचाच कमी. त्यानं अकरा घरची मानसं बसवली आन म्हनला, "हे खायाचं न्हाई. हे बेनं हाय. बेनं खाल्लं तर उद्या गंगेला पानी येईल, मासा यायचा न्हाई."

मंग सगळ्यांनी आपापली जाळी आनली, एकावर एक ठेवली, वर हात ठेवून कसम घेतली. तीन वरसं डोहात जाळं न्हाई, गळ न्हाई. मानसं दुष्काळी कामावर गेली. बेबीनंदाचा बाप अण्णासाहेब ठेकेदाराच्या टोळीत विहिरीवर लागला, मी सडकेवर खडी फोडायला. हाताला पानी सोडून दगड लागला, सालटी निघाली. खडी फोडून यायचं आन सांजच्याला डोहातला गाळ टोपल्यानं उपसायचा. बाभळीच्या फांद्या तोडून दगड बांधून तळाला बुडवल्या. काट्यात जाळं अडकतं म्हनून चोराला जाळं टाकता येत न्हाई, आन मासळीला आडोसा होतो. फांद्या वाहताना माह्या पाठीत काटे मोडायचे, बेबीनंदाचा बाप ते सुईनं काढायचा.

दुसऱ्या वरसी पाऊस झाला, तर गावातल्या लोकांनी अंबाडीचे भारे सडवायला डोहात आनून टाकले. अंबाडी सडली की पानी काळं पडतं, वास सुटतो, मासा वर येऊन तोंड वासतो आन मरतो. मी आन शेजारची कांताबाई भारे ओढून बाहेर फेकू लागलो. त्यांची मानसं आली, त्यांनी आमाला काठ्यांनी झोडपलं. माहा पुढचा दात त्या दिशी पडला. म्याबी एकाचा कान चावला. हासता काय? चावला, पाळीचा तुकडा थुकला तिथंच. त्या दिसापासून डोहात अंबाडी आली न्हाई.

तर असा राखलेला डोह. त्या चैतात मरळींनी पिलं घातल्ती. मरळीची पिलं लाल असतात, गुलालावानी, हजार पिलांचा एक गोळा पान्यावर फिरत असतो आन खालून आई राखन करत असते. पिलवाल्या मरळीला कोनताच भोई हात लावत न्हाई, भुकेनं मेला तरी. आन माह्या भावानं, भोयाच्या पोटच्या पोरानं, बराबर त्या गोळ्याखाली बार उडवला.

बद्रीनाथ माह्याहून बारा वरसांनी लहान. आय गेली तवा तो रांगत व्हता, म्या कडेवर घेऊन वाढवला. अण्णासाहेब विहिरीचे ठेके घेनारा मोठा मानूस व्हता. त्याच्या टोळीत बद्रीनाथ सुरुंगवाला झाला. गडी लावून खडकाला भोकं पाडायची, त्यात सुरुंगाच्या कांड्या भरायच्या, वात पेटवायची आन पळायचं. दुष्काळानंतर गावोगाव विहिरी निघाल्या, त्याला लई मान आला. अंगात टेरिलिनचा सदरा, डोक्याला वासाचं तेल. अण्णासाहेबाला मासे लागले की हा दोन कांड्या घेऊन निघायचा.

त्या दिशी म्या वल्हं हानलं तवा तो हात पोटाशी धरून खाली बसला. "आक्का, माह्या हातावर माहं पोट हाय!"

"आन माहं कशावर हाय रे, मुडद्या? चार मरळीसाठी चार हजार मारल्या तू. वर आल्या त्या दिसल्या, तळाला बसल्या त्या कोन मोजनार?"

"पाऊस आला की येतील मासे. गंगा काय तुह्या बापाची हाय का?"

"माह्या बापाची हाय. तुह्याबी बापाची व्हती, पर तू इकली."

म्या अजून एक हानलं असतं, पर बेबीनंदाच्या बापानं वल्हं धरलं. तो म्हनला, सोड, समजलं त्याला. कशाचं समजतंय! वल्ह्यानं मानूस समजत न्हाई, चिडतो. हे मला आता कळतं. त्या दिशी म्या त्याला नुसत्या शिव्या देऊन सोडला असता तर पुढचं झालं असतं का न्हाई, हे इचारत मी लई वरसं काढली.

हात बांधून तो दीड महिना घरी बसला. टोळीतले लोकं हासायचे, बहिनीनं मोडला म्हनून. जेठात हात सुटला. अण्णासाहेबाकडं इंजिनियर लोकांची पंगत व्हती, मोठी मासळी पायजे व्हती. बद्रीनाथनं सोताहून सांगितलं, मी आनतो, कपारीच्या डोहातूनच आनतो.

सकाळची येळ. भांडी घासायला बसल्ते तर कांताबाई वरडत आली, "झुंबरे, पळ! तुहा भाऊ आला, संगं दोघं हायत, पहारी घेऊन!" आमी धावलो. बाया पुढं, मानसं मागं. खडकासमोरच्या काठावर बद्रीनाथ वाती जोडून राह्यला व्हता, आन ते दोघं पहारी घेऊन आमच्या वाटंत उभे. कांताबाई थांबली न्हाई. तिनं एकाच्या तोंडावर दगड मारला, दुसऱ्यानं तिच्या टाळूवर पहार घातली. नारळ फुटल्यावानी आवाज झाला. ती बसली, पुन्हा उठली, रगतानं तोंड माखलेलं, तरी त्याच्या पायाला मिठी मारून त्याला पाडला. मंग आमी सगळ्या बाया त्याच्यावर पडलो. लाथा, बुक्क्या, चावे, काय हाताला लागंल ते. म्या त्याच्या डोळ्यात वाळू चोळली.

तेवढ्यात बद्रीनाथनं वाती पेटवल्या. तीन पुडकी, दगड बांधलेली. एक खडकाच्या बुडाशी, एक मधी, एक काट्यांच्या ढिगाकडं. फेकली आन पळत मागं आला.

आता इथं एक गोष्ट सांगते, ती ध्यानात घ्या. विहिरीवर एक कायदा असतो. जेवढ्या वाती पेटवल्या तेवढे बार मोजायचे. चार पेटवल्या आन तीनच वाजले, तर त्या दिशी विहिरीत उतरायचं न्हाई, मालकाचा बाप आला तरी. पुरे वाजले की सुरुंगवाला वरडून सांगतो, मंगच खालचा गडी उतरतो. सुरुंगवाल्याच्या बोलावर गडी जीव टाकतो. बेबीनंदाच्या बापानं बद्रीनाथच्या हाताखाली दोन वरसं काम केल्तं. शंभरदा तो त्याच्या बोलावर उतरला व्हता.

धडाम! धडाम! दोन बार जवळ जवळ वाजले. डोहाचं पानी ताडावानी उभं राह्यलं, वर गाळ, वर बाभळीच्या फांद्या, वर मासे. आन लगेच तिसरा आवाज आला. पानी अजून खाली पडतच व्हतं, कोनाला काय दिसलं न्हाई, फक्त ऐकू आलं.

डोह पांढरा झाला. पोटं वर करून मासे. काही मेलेले, काही नुसते गुंगलेले, कल्ले हालत व्हते. गुंगलेली मरळ ताज्या पान्यात नेली, तोंड वाहत्या धारेला धरलं, तर घटकाभरात शुद्धीवर येते. वरच्या अंगाला एक डबकं व्हतं, त्यात झऱ्याची धार पडायची. बेबीनंदाचा बाप काठावर उभा राहून बघत व्हता. पान्याकडं न्हाई, बद्रीनाथकडं. तो बोलायची वाट पाहून राह्यला व्हता. आन मी? मी वरडले, "आवं, बघत काय उभे राह्यलात! पिलवाल्या मरळी हायत त्या! जल्दी उतरा, एक तरी वाचवा!"

बद्रीनाथ दूरून वरडला, "झाले! तिन्ही झाले! उतरू द्या दाजीला!"

हे तो वाईट मनानं बोलला न्हाई. त्यालाबी कुठंतरी लाज वाटली आसंल. त्यानं तीन मोजले व्हते. पर विहिरीत वाजलेला आवाज सरळ वर आभाळात जातो, परतून येत न्हाई. इथं समोर काळा खडक व्हता. दुसऱ्या बाराचा आवाज खडकावर आपटून परत आला, आन त्याच्या विहिरीत वाढलेल्या कानानं तो तिसरा म्हनून धरला. डोहाच्या काठी ल्हानाचा मोठा झालेला भोई, आन आपल्याच खडकाचा आवाज त्यानं वळखला न्हाई.

बेबीनंदाच्या बापानं सदरा काढला आन उडी घेतली. एका हातात एक मरळ, दुसऱ्या हातात एक, असा तो पाय मारत डबक्याकडं गेला, सोडल्या, परत आला. परत दोन नेल्या. परत आला. तो काट्यांच्या ढिगापाशी पोचला आन माह्याकडं बघून काहीतरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं न्हाई. तिसरं पुडकं तिथंच व्हतं. त्याची वात दमट निघाली आसंल, हळू हळू जळत राह्यली.

त्याला काठावर आनला तवा अंगावर ओरखडा नव्हता. कानातून, नाकातून रगत, आन पोट असं नरम, जसं आत काही राह्यलंच न्हाई. पान्यातला बार मानसाला बाहेरून मारत न्हाई, मासळीवानीच आतून मारतो. म्या त्याचं तोंड वाहत्या धारेला धरलं. हासू नका. मला दुसरं काय सुचलं न्हाई.

मंग आमच्या मानसांनी बद्रीनाथला धरला. त्याला कोनी किती मारलं ह्याचा हिशेब न्हाई. त्याचा टेरिलिनचा सदरा फाटला, खालचा जबडा वाकडा झाला, एक डोळा मिटला तो पुढं उघडलाच न्हाई. मी मेल्या मानसाला सोडून उठले, हातात मावंना एवढा धोंडा घेतला आन त्याच्या छातीवर बसले. लोकं बाजूला झाले. माहा भाऊ, माहा हक. तो खालून बोबडं बोलत व्हता, "आक्का, म्या मोजले गं. तीन मोजले. बराबर मोजले." धोंडा वर व्हता. देवाशपथ, मी टाकनार व्हते. पर त्यानं हात वर केला न्हाई, तोंड फिरवलं न्हाई, नुसतं मोजलं मोजलं म्हनत राह्यला. धोंडा म्या बाजूला टाकला. त्याच्या तोंडावर थुकले आन उठले.

ऊन चढायच्या आत अण्णासाहेब जीप घेऊन आला. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, मयताला आल्यावानी डोळे खाली. "झुंबर, लई वाईट झालं. पर आता डोकं शांत ठेव. मानूस बुडाला असं सांगू. पाय घसरला, दगडावर आपटला, बुडाला."

म्या त्याची गचांडी धरली. बटनं तुटली. "बुडाला? बार माह्या दोन कानांनी ऐकला, आन बुडाला?"

"खरं सांगशील तर काय मिळंल तुला? भाऊ जन्मभर आत जाईल. माहं लायसन जाईल, मी विहिरीचा धंदा सोडून दुसरा करीन. तुहा मानूस परत येतो का?"

त्याचं बोलनं ऐकून मला त्याचा गळा चावावा वाटला. पर डोक्यात एक गोष्ट शिरली ती निघंना. ह्या मुलखात चाळीस विहिरी चालू, चाळीस ठिकानी सुरुंग, आन सगळा माल ह्याच्या गोदामातून. पोलीस आज येतील, उद्या जातील. ह्याला आत टाकला तर दुसरा ठेकेदार येईल, दुसरा बद्रीनाथ येईल, आन पंगती काय बंद व्हनार न्हाईत. पर हाच बाहेर राह्यला आन मला भेत राह्यला, तर डोहाचा राखनदार हाच व्हईल. झक मारून व्हईल.

म्या माघारी पाह्यलं. बद्रीनाथची पिशवी कांताबाईच्या बुडाखाली व्हती. तिच्या डोक्यातून रगत गळत व्हतं, तरी ती पिशवीवरून उठली नव्हती. पिशवीत पाच कांड्या उरल्या व्हत्या, कागदावर अण्णासाहेबाच्या गोदामाचा शिक्का.

"बुडाला म्हनते," म्या सांगितलं. "पर ही पिशवी माह्याकडं राहील, कुठं ते तुला कळनार न्हाई. गंगेत तीन कोस वर आन तीन कोस खाली, कोनाचाबी बार वाजला, एक जरी मासा पोट फुटून वर आला, तर मी ठाण्यात. कोनी टाकला हे मी इचारनार न्हाई. तुहंच नाव घेईन. जा, आता तू राख माहा डोह."

मी त्याला अरेतुरे बोलले, आन तो मान हालवत व्हता. बद्रीनाथला आन त्या दोघांना जीपमधी घालून त्यानं फौजदार यायच्या आत लांब धाडलं.

भोईवाडा माह्यावर उलटला. माहा दीर म्हनला, तू भावाला वाचवून राह्यली. म्या म्हनलं डोहाला. तो म्हनला, भावाला. आता इतक्या वरसांनी सांगते, थोडं त्याच्यासाठीबी आसंल. कडेवरचं वझं एवढ्या जल्दी उतरत न्हाई. पर त्याला म्या पुन्हा दारात उभा केला न्हाई, आन त्या डोहात पुन्हा बार वाजला न्हाई. अण्णासाहेबाची मानसं काठानं फिरायची, सुरुंगवाल्यांना चोप द्यायची. काटे पुन्हा बुडवले. तिसऱ्या वरसी अकरा घरांची जाळी गंगेत पडली.

पर त्या दिवशीचं राह्यलं. दुपारी फौजदार आला पंचनाम्याला. पानी पिऊन बाजेवर बसला, मांडीवर कागद घेतला. मयत पुढ्यात, कपडा टाकलेला. अण्णासाहेब बाजूला उभा. अकरा घरं भवती बसलेली. बेबीनंदा माह्या पदराला धरून बसली व्हती, नऊ वरसांची. फौजदार मानूस हुशार व्हता, त्याला वास आल्ता. मेल्या माशांचा तर आल्ताच, पर दुसराबी आल्ता.

"बाई, तुमी भोई ना?"

"व्हय साहेब."

"मंग डोहात बुडून मेला कसा? भोयाला पवता येत नव्हतं का?"

सगळी मानसं माह्याकडं बघू लागली. माहा दीर, कांताबाई, सगळे. गंगा पुरानं दोन्ही थड्या भरून चालल्यावर जो मानूस कासरा दाताखाली धरून ह्या तीरावरून त्या तीराला म्हशी न्यायचा, तो पुढ्यात पडला व्हता.

"न्हाई साहेब," मी म्हनले. "त्याला पवता येत नव्हतं."

बेबीनंदा पदर सोडून उभी राह्यली. "आय, खोटं कामून बोलतीस? बापूला पवता येत व्हतं! मला बापूनंच शिकवलं, पाठीला भोपळा बांधून. साहेब, माह्या बापूला सगळ्यांहून चांगलं पवता येत व्हतं!"

म्या तिच्या तोंडात मारली. अशी मारली की ती बापाच्या पायापाशी जाऊन पडली, ओठ फुटला. ती रडली न्हाई, नुसती माह्याकडं बघत राह्यली.

"पोरगी लहान हाय साहेब," मी म्हनले. "तिला काय कळतंय. लिव्हा तुमी, पवता येत नव्हतं."

फौजदारानं लिव्हलं. मंग त्यानं शाईची डबी पुढं केली आन म्या अंगठा दिला.